मदत हवी आहे: क्यूब चाचणीच्या रजिस्टरवर सही करावी का?

नमस्कार. मी स्थापत्य अभियंता असून सात मजली निवासी इमारतीच्या साइटवर काम पाहतो. दुसऱ्या मजल्याच्या कॉलमसाठी एम २५ काँक्रीट होते, म्हणजे २८ दिवसांनी २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीचे; परंतु तीन क्यूबची (त्याच काँक्रीटच्या चाचणीसाठी भरलेल्या ठोकळ्यांची) २८ दिवसांची ताकद १७, १८ आणि १६.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर इतकीच आली. त्या दिवशी मी तासभर खाली स्टीलची गाडी मोजत होतो. वर आलो तेव्हा मिक्सरमध्ये नळीने जादा पाणी सोडलेले दिसले आणि तोवर चार कॉलम भरूनही झाले होते.

वरिष्ठांचे म्हणणे असे, की क्यूब साच्यात नीट ठोकून भरले गेले नसतील, तेव्हा नवे क्यूब जुन्या तारखेने पाठवून सही करून टाकावी. तशी शक्यता असते, हे मला मान्य आहे. पण म्हणूनच आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात कोअर (तयार कॉलममधून कापलेला दंडगोल नमुना) काढून पाहण्याची सोय आहे: किमान तीन कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के भरावी आणि एकही ७५ टक्क्यांखाली नसावा. मी हे लेखी कळवले. उत्तर नाही, आणि वरच्या स्लॅबचे शटरिंग मात्र सुरू झाले आहे.

वरिष्ठांना डावलून स्ट्रक्चरल सल्लागारांना थेट पत्र द्यावे का? घर माझ्या एकट्याच्या पगारावर चालते, तरीही खोटी तारीख घालणार नाही. मात्र राजीनामा दिला तर ते कॉलम तसेच झाकले जातील, ही भीती झोपू देत नाही. असा प्रसंग ज्यांनी निभावला आहे, त्यांनी पहिले पत्र कोणाला आणि कोणत्या शब्दांत लिहिले, हे कृपया सांगावे.