मदत हवी आहे : जिनिंगच्या सॉफ्टवेअरचा एपीआय विकायचा आहे, दर कशावर लावू?

मंडळी, हिंगणघाटकडच्या जिनिंगवाल्यांसाठी (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने) मी काटापट्टीचं सॉफ्टवेअर चालवतो. कापसाची गाडी धरमकाट्यावर चढली की भरलेलं वजन, रिकामं वजन, ओलावा, भाव अन् शेतकऱ्याचं देणं एकाच पावतीवर येतं. आता एक अकाउंटिंगवाला आणि एक ट्रान्सपोर्टवाला म्हणतात, हाच डेटा एपीआयनं (म्हणजे एका सॉफ्टवेअरनं दुसऱ्याकडून माहिती मागायची सोय) थेट आमच्याकडे द्या, पैसे देऊ.

घोडं अडलंय दरावर. कॉलमागे, म्हणजे एपीआयला केलेल्या दर विचारणीमागे, पैसे लावले तर सीझनमध्ये त्यांचं बिल फुगतं आणि उन्हाळ्यात माझ्या हाती भोपळा. महिन्याचं पॅकेज ठेवलं तर ट्रान्सपोर्टवाला 'गाडी खाली झाली का, गाडी खाली झाली का' असं दर पाच सेकंदाला विचारून सर्व्हर झोपवेल. मर्यादा घालून ४२९ चा एरर ('फार वेळा विचारलंत' असं सांगणारा) परत पाठवता येतो म्हणा, पण पैसे देणाऱ्याला तोंडावर दार लावणं बरं दिसत नाही. त्यापेक्षा वेबहुक द्यावा, वजन झालं की आपणच कळवायचं. मग मोजायचं काय? मला पावतीमागे दर पटतो. जिनिंगवाल्याला पावती समजते, कॉल नाही.

दुसरं म्हणजे, पावतीवर शेतकऱ्याचं नाव अन् बँक खातं असतं. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा पाहता ते एपीआयमधून गाळूनच देणार आहे. डेटा जिनिंगचा, मग कमाईत त्यांचा वाटा किती ठेवावा?

कोणी असा करार केला असेल तर मसुदा कसा होता तेवढं सांगा. प्रीपेड बॅलन्स ठेवला की उधारी?