मदत हवी आहे: १.३ डिझेलचं अ‍ॅव्हरेज १९ वरून १३ च्या खाली, नोझल (इंजेक्टर) बदलायच्या आधी अजून काय तपासू?

फणसगरे:

मंडळी, गाडी २०१२ ची डिझेल सेदान, एमएच-०८ पासिंग, १२४८ सीसी, ७५ बीएचपीवालं मल्टिजेट. हेच इंजिन तेव्हा तीन-चार कंपन्यांच्या गाड्यांत होतं, त्यामुळे कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'ही घ्यायला नको होती, ती घ्यायला हवी होती' याच्यावर जाईल. रनिंग १ लाख ६० हजारच्या पुढे. घरातलीच गाडी आहे, सेकंडहँड नाही.

वापर असा: रोज पावस ते रत्नागिरी, म्हणजे गोळपचा सडा, उतार, भाट्याचा पूल आणि शहरातली गर्दी. महिन्यातून एखाद-दोन वेळा आंबा घाटाने कोल्हापूर. सीझनला डिकीत आंब्याच्या पेट्या असतात, पण तेवढ्यापुरत्याच.

पूर्वी रोजच्या वापरात १७-१८ आणि कोल्हापूर धरून १९ पर्यंत सहज मिळायचं. आता टाकी फुल ते टाकी फुल काढलं, तर साडेचारशे किलोमीटरला पस्तीस लिटर, म्हणजे १२.९ च्या आसपास. डिस्प्लेवर १५ दाखवतो, त्यावर माझा विश्वास नाही. फरक एकदम पडलेला नाही, वर्षभरात हळूहळू उतरलंय.

जे करून झालंय ते: एअर फिल्टर नवा (जुना काढला तेव्हा त्याच्या घड्यांत तांबडी धूळ इतकी बसली होती की मूळ कागद पांढरा होता हे सांगावं लागलं असतं), डिझेल फिल्टर नवा, ऑइल ५डब्ल्यू-३०, चारही टायरांत हवा ३३. डिझेल भरायचा पंप बदलून पाहिला, फरक नाही. एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड काही नाही. तरी त्यांचं म्हणणं 'नोझल गेलेत, चारही बदला', आणि आकडा सांगितला पन्नास हजारांच्या आसपास. २०२७ ला गाडीला पंधरा वर्षं होतात, तेव्हा री-पासिंग आणि ग्रीन टॅक्स आहेच. त्याच्या तोंडावर एवढे पैसे घालायचे का, हा प्रश्न आहे.

लक्षणं: सकाळी सेल्फ मारला की अर्ध्या फेऱ्यात चालू. काळा धूर नाही, पांढराही नाही. पिकअप थोडा जड वाटतो, पण घाट तिसऱ्यावर चढते. आवाज जो डिझेलचा असतो तोच.

नोझलला हात लावायच्या आधी काय काय बघून घेऊ?

---

भरतीओहोटी:

पंपावरचा मापात घोळ आधी मनातून काढून टाका. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं वैधमापनाचं शिक्का मारलेलं माप असतं, समोर भरून दाखवा म्हटलं की त्यांना दाखवावं लागतं. फिल्टर पेपरवर थेंब टाकून बघा असं कोणीतरी सांगेलच, तर ते पेट्रोलसाठी आहे. पेट्रोल उडून जातं आणि डाग राहत नाही, डिझेल कितीही शुद्ध असलं तरी डाग राहणारच.

आणि टायर कंपनीच्याच साइजचे आहेत ना? रुंद टायर घातले असतील तर थोडं अ‍ॅव्हरेज तिथेच जातं, आणि टायरचा घेर बदलला की किलोमीटरही चुकीचे मोजले जातात.

---

फणसगरे:

टायर मूळ साइजचेच. फोनच्या जीपीएसशी किलोमीटरही ताडून पाहिले, फरक नगण्य आहे.

---

घाटमाथा:

तुम्ही लक्षणं नीट लिहिलीत म्हणून सांगता येतंय. नोझल खराब झाले की काहीतरी दिसतं. रिटर्नला (नोझलमधून टाकीकडे परत जाणाऱ्या नळीला) जास्त डिझेल जात असेल तर गरम गाडी बंद करून परत चालू करताना सेल्फ लांब घ्यावा लागतो. नोझल गळत असेल तर धूर, आयडलला थरथर, नाहीतर डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली, कारण डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. तुमच्याकडे यातलं काहीच नाही. ज्याने लीक-ऑफ टेस्ट न करता चारही नोझल बदला म्हटलं त्याच्याकडे परत जाऊ नका. टेस्ट अवघड नसते. चारही नोझलच्या रिटर्नला नळ्या लावून चार बाटल्या टांगायच्या, इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं, कोणती बाटली जास्त भरते ते बघायचं. एकच जास्त भरली तर एकच नोझल काढायचा.

'हळूहळू उतरलं' आणि 'पिकअप थोडा जड' हे वाचून माझा पहिला संशय ब्रेकवर आहे. तुम्ही समुद्राच्या कडेला राहता. खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस, यात डिस्कच्या कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजतात आणि पॅड डिस्कला टेकलेलाच राहतो. चालवणाऱ्याला कळत नाही, कारण गाडी तरी चालतेच, पण दिवसभर हँडब्रेक थोडा ओढून ठेवल्यासारखं डिझेल जळतं.

घरच्या घरी बघायचं तर असं: सपाट रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर, शक्यतो ब्रेक न लावता, चालवा. शेवटी गाडी ब्रेक न मारता आपोआप थांबू द्या. मग चारही चाकांच्या मध्यावर पाण्याचे थेंब शिंपडा (हात लावू नका, भाजेल). एखाद्या चाकावर पाणी चर्र झालं नि बाकीच्यांवर नाही, तर गुन्हेगार सापडला. त्यानंतर जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवा. पुढच्या चाकांना गिअरबॉक्सचा थोडा भार लागतोच, त्यामुळे डावं-उजवं एकमेकांशी ताडून बघा.

---

देवगडचो:

माका तरी ह्यो ब्रेकाचोच खेळ वाटता. आमच्याकडे पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहिली की मागचे ड्रम धरतातच. गाडी सपाटीला उभी करत असाल तर हँडब्रेक ओढूच नका, पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला एक दगड लावा. हँडब्रेकची केबलसुद्धा बघा, आतून गंजली की सोडल्यावर पुरती परत येत नाही.

---

फणसगरे:

घाटमाथा, पाणी शिंपडून पाहिलं. पुढचं डावं चाक! थेंब पडला की लगेच उडत होता. उजवीकडे नुसतं ओलं.

चाक खोलून घेतलं. कॅलिपरची खालची पिन हलेचना, फिटरने हातोडीने ठोकून बाहेर काढली तर काळी पडून खडबडीत झालेली, रबरी बूट फाटलेला. आतला पॅड पत्र्यापर्यंत आलेला आणि बाहेरचा जवळजवळ नवा, दोन्ही शेजारी ठेवले तर एकाच जोडीतले वाटत नव्हते. पिना, बूट, पॅड नवे घातले, ब्रेकचंच ग्रीस लावलं. मागचे ड्रम उघडून साफ केले, हँडब्रेकची केबल ठीक आहे.

गाडी हलकी झाली हे पहिल्याच दिवशी कळलं. भाट्याच्या उतारावर पूर्वी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवावा लागायचा तिथे आता आपोआप सुटते. पुढची टाकी फुल केली तर १४.६. म्हणजे काहीतरी मिळालं, पण १७-१८ नाही.

एक गोष्ट आधी लिहायची राहिली. तापमानाचा काटा पूर्वी मध्यावर येऊन थांबायचा. आता रोजच्या रस्त्याला चौथाईच्या थोडा वर असतो. आंबा घाट चढताना मध्यावर येतो आणि साखरप्याकडे उतरताना पुन्हा खाली. गाडी तापत नाही म्हणून मी ते चांगलंच समजत होतो. याचा काही संबंध असेल का?

---

घाटमाथा:

संबंध आहे, आणि चांगलाच आहे. थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय किंवा काढून टाकलाय.

थर्मोस्टॅटचं काम इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणं. तो उघडा राहिला की थंड पाणी पहिल्या मिनिटापासून फिरतं. सेन्सर ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) सांगतो इंजिन अजून थंड आहे, मग ईसीयू इंजेक्शनची वेळ आणि डिझेल वॉर्म-अपच्या हिशेबानेच ठेवतो. ऑइल जाड राहतं, सिलिंडरच्या भिंती उष्णता खातात. तुमचं रोजचं अंतर वीसेक किलोमीटर, म्हणजे पोचेपर्यंत इंजिन कधी पुरतं तापतच नाही. घाटात भार पडतो म्हणून काटा वर येतो आणि उतारावर पडतो, ही तर त्याची ओळखच आहे. धड थर्मोस्टॅट असेल तर उतारावर काटा हलत नाही.

'स्कॅनरवर कोड नाही' याचा अर्थ सगळं ठीक असा नव्हे. गॅरेजवाले कोड बघतात आणि स्कॅनर काढतात. लाइव्ह डेटामध्ये (चालू गाडीतल्या सेन्सरच्या आकड्यांत) कूलंटचं तापमान बघायला सांगा. अर्धा तास चालवल्यावर ते ८० च्या वर स्थिर हवं. ६०-६५ वर घुटमळत असेल तर शोध संपला. स्कॅनरच्याच सॉकेटला लागणारं ब्लूटूथचं साधं ओबीडी अ‍ॅडॉप्टर आणि फोनमधलं अ‍ॅप यांवरही हा आकडा दिसतो.

---

भरतीओहोटी:

एक शंका. कोकणातल्या उकाड्यात खरंच एवढा फरक पडेल? आमच्याकडे सर्रास सांगतात की गरम हवेत थर्मोस्टॅट लागत नाही.

---

घाटमाथा:

तेच तर दुखणं आहे. बाहेर ३४ डिग्री असली तरी इंजिनाला हवं असतं ९० च्या आसपास. चेन्नईत विकल्या जाणाऱ्या गाडीलाही थर्मोस्टॅट असतोच ना? एकट्या थर्मोस्टॅटने पाच-सहा किलोमीटर खाल्ले असं मी म्हणणार नाही, पण छोट्या अंतराच्या वापरात एक-दोन नक्की जातात. आणि थंड इंजिनात काजळी जास्त धरते, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) घाण होतो. ते नुकसान वेगळंच.

---

फणसगरे:

लाइव्ह डेटा बघितला. पावसहून रत्नागिरीत शिरेपर्यंत ६३, शहराच्या गर्दीत ७०, परत मोकळा रस्ता लागला की खाली.

थर्मोस्टॅटचं हाउसिंग उघडलं तर आत व्हॉल्व्हच नाही. नुसती रिकामी बैठक, कडेला पक्कड लावल्याचे ओरखडे. दोन उन्हाळ्यांपूर्वी रेडिएटर गळत होता तेव्हा एका गॅरेजने काम केलं होतं, त्यांनीच काढून टाकला असणार. बिलात त्याचा उल्लेख नाही आणि मला कोणी सांगितलंही नाही. वर कूलंटच्या जागी पाणी, तेही बहुतेक विहिरीचं, कारण टाकीच्या तळाला तांबडा गाळ आहे.

नवा थर्मोस्टॅट मागवलाय. बसवताना काही काळजी घ्यायची का?

---

नोझलवाला:

इतका वेळ वाचत होतो, आता लिहितो. माझं कामच डिझेल पंप-नोझलचं आहे, म्हणजे चारही बदला म्हणण्यात माझाच फायदा, पण तुमच्या गाडीला सध्या गरज दिसत नाही.

थर्मोस्टॅटबद्दल: या इंजिनाला तो हाउसिंगसकट एकत्रच येतो, नुसता व्हॉल्व्ह शोधत बसू नका. आधी जुनं पाणी पूर्ण काढा आणि स्वच्छ पाण्याने फ्लश करून घ्या, कारण तो गाळ रेडिएटरच्या नळ्यांतही असेल. मग तयार मिश्रणाचं कूलंट घाला, किंवा कॉन्सन्ट्रेट घेतलंत तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि सावकाश भरा, म्हणजे हवा अडकणार नाही. हवा अडकली तर काटा एकदम वर जातो आणि लोक घाबरून पुन्हा थर्मोस्टॅट काढून टाकतात! पहिले काही दिवस सकाळी गाडी थंड असताना पातळी बघत राहा. गरम असताना झाकण उघडायचं नाही.

आणखी एक. थर्मोस्टॅट नसताना गळका रेडिएटर किंवा अर्धवट चालणारा पंखा लपून राहतो. नवा बसवल्यावर एसी लावून दहा मिनिटं उभ्या गाडीवर बघा, पंखा सुरू होतो का. आंबा घाटात कळण्यापेक्षा अंगणात कळलेलं बरं.

---

देवगडचो:

आणि एसीचं बोललात म्हणून. रोजच्या वापरात एसी चालूच असेल तर पूर्वीच्या १७-१८ शी तुलना करताना तेव्हा किती चालायचा तेही आठवून बघा. हायवेचं काम आणि शहरातल्या खड्ड्यांमुळे पूर्वीपेक्षा दुसऱ्या गिअरमध्ये जास्त वेळ जातो, तेवढं धरायला हवंच.

---

फणसगरे:

थर्मोस्टॅट बसला. काटा आता मध्यावर येतो आणि साखरप्याच्या उतारालाही जागचा हलत नाही. लाइव्ह डेटावर ८७-८८. पंखाही वेळेवर सुरू होतो. डिझेलचा हिशेब: रोजच्या रस्त्याला १६.२, एसी लावून. कोल्हापूरची फेरी अजून धरलेली नाही.

नोझल बदलायचा विषय घरात तरी संपला. फक्त लीक-ऑफ टेस्ट एकदा करून घ्यावी असं वाटतं, म्हणजे १.६ लाखावर चारही कुठे आहेत ते कागदावर येईल. नोझलवाला, तुमचं वर्कशॉप इकडे जवळ आहे का? नसेल तर रत्नागिरी किंवा चिपळूणमध्ये बाटल्या लावून नीट टेस्ट करणारा कोणी माहीत असेल तर कृपया निरोपातून कळवा. ईजीआर साफ करायचा तर तेही त्याच दिवशी उरकून घेईन.