वजन बेताचं, तरी इन्सुलिन रेझिस्टन्स? जाणकारांची मदत हवी आहे

आंबेमोहोर:
मंडळी, नवऱ्याचे (वय 41) रिपोर्ट आल्यापासून डोकं चक्रावलंय. उंची 5 फूट 6 इंच, वजन 64 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 23 च्या आतच. हातपाय काटकुळे, फक्त पोट सुटलंय. कंबर 93 सेंमी. उपाशीपोटी साखर 104, इन्सुलिन 18.6, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 212. डॉक्टर म्हणाले, "इन्सुलिन रेझिस्टन्स आहे, वजन आटोक्यात ठेवा," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. आता 64 किलोचं आणखी काय आटोक्यात ठेवायचं?

उलट नणंद 82 किलोची, तिचं सगळं नॉर्मल! सासूबाईंनी खापर माझ्या भातावर फोडलंय.

शिवाय ह्यांच्या मानेमागे काळपट, जाडसर पट्टा आलाय. मळ समजून घासला. मान लाल झाली, काळं काही हललं नाही. याचा संबंध आहे का? आणि चरबी नेमकं करते काय, की जाडीला सोडून बारक्याला धरते? आगाऊ धन्यवाद.

पांढरी पेशी:
ताई, इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे इन्सुलिन असूनही शरीर त्याचं नीट ऐकत नाही. त्यात चरबी किती यापेक्षा ती कुठे साठली ते बघा. कातडीखालची, विशेषतः मांड्या-नितंबांवरची चरबी फारशी उपद्रवी नसते. नणंदेकडे ती जागा बहुधा मुबलक आहे (तपासण्या मात्र तिनेही सोडू नयेत). यजमानांचं कोठार लहान. ते भरलं की माल पोटात, यकृतात, स्नायूंत उतरतो.

एरवी जेवणानंतर इन्सुलिन चरबीच्या पेशींना 'फॅटी ॲसिड (चरबीचे सुटे घटक) रक्तात सोडू नका' असं बजावतं. फुगलेल्या पेशी ते ऐकत नाहीत. आतड्यांभोवतालच्या चरबीतून निघणारं रक्त तर पोर्टल व्हेनने थेट यकृतात जातं. तिथे डायअसिलग्लिसरॉलसारखे अर्धवट चरबीचे रेणू साचतात आणि इन्सुलिनचा निरोप रिसेप्टरच्या (पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागेच्या) पुढे सरकत नाही. मग यकृत रात्रभर साखर बनवत राहतं, म्हणून सकाळी 104. स्वादुपिंड भरपाईला जास्त इन्सुलिन ओततं, म्हणून 18.6. तेच वाढीव इन्सुलिन त्वचेच्या पेशींना वाढायला लावतं. मानेवरचा पट्टा त्याचाच असावा; घासू नका.

दाह हा दुसरा धागा. लठ्ठ उंदरांच्या चरबीतून टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारं प्रथिन स्रवतं आणि ते इन्सुलिनच्या कामात खोडा घालतं, हे 1993 मध्ये दिसलं. पण मला कोठाराचा मुद्दा जास्त पटतो. लिपोडिस्ट्रॉफी या आजारात कातडीखाली चरबी जवळजवळ नसतेच, तरी रेझिस्टन्स भयंकर. आणि पायोग्लिटाझोन या मधुमेहाच्या औषधाने वजन वाढतं, तरी इन्सुलिनचं काम सुधारतं!

आपल्याकडचं उदाहरण: पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन यडकिन यांचा जोडफोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय 22.3. यडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2.

आंबेमोहोर:
बापरे, म्हणजे वजनकाटा निव्वळ शोभेचा! मग करायचं काय? भात बंद?

पांढरी पेशी:
भात एकटा गुन्हेगार नाही, ताटातला वाटा कमी करा. भारतीय पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा 90 सेंमी धरतात, तेव्हा टेप काट्यापेक्षा कामाचा. बारीक माणसाचंही 3-4 किलो उतरलं तर यकृतातली चरबी आधी हलते. चालणं आणि थोडे वजनाचे व्यायाम दोन्ही हवेत, कारण राबणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता साखर उचलतो. इन्सुलिन पुन्हा पुन्हा मोजायला पैसे घालवू नका, लॅबगणिक आकडा बदलतो. डॉक्टरांना एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) आणि यकृताच्या सोनोग्राफीबद्दल विचारा. आणि हो, ते दारू घेतात का? ट्रायग्लिसराइड बघून विचारतोय.

आंबेमोहोर:
शनिवारी, मित्रांबरोबर. 'एखादा पेग' असं सांगतात. आज नीट विचारते आणि लिहिते.