नागपूरच्या उन्हाळ्यात एस19 जे प्रो की एस21?

अभि_मनीषनगर
नमस्कार. हिंगणा एमआयडीसीत काकांचं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे. मागची टिनाची शेड रिकामी पडली आहे, म्हणून तिथे बिटकॉइन मायनिंगची एक मशीन लावायचा विचार करून राहिलो. समोर दोन पर्याय आहेत. वापरलेली अँटमायनर एस19 जे प्रो (100 टेराहॅश, म्हणजे मशीनचा गणना करायचा वेग, 3050 वॅट) किंवा नवीन एस21 (200 टेराहॅश, 3500 वॅट). किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. विकणारा म्हणतो जुनी मशीन दणकट आहे, तिला काही होत नाही. वीज सगळं धरून युनिटला 10 रुपयांच्या आसपास पडते. थंडाव्यासाठी डेझर्ट कूलर आहेच. काय घ्यावं?

बोर्डवाला_खामला
अभि भाऊ, माझं काम यूपीएस, सीएनसीचे ड्राइव्ह दुरुस्त करायचं. अधूनमधून हॅशबोर्डही (मायनिंग मशीनमधले चिपांचे बोर्ड) टेबलावर येतात.

आधी विजेचा हिशेब करा. ज्यूल प्रति टेराहॅशचा आकडा (वॅट भागिले टेराहॅश) 24 ने गुणा आणि 1000 ने भागा, म्हणजे एका टेराहॅशला दिवसाला किती युनिट लागतात ते निघते. एस19 जे प्रो चा आकडा 30.5, म्हणून 0.73 युनिट, तुमच्या दराने 7 रुपये 30 पैसे. एस21 चा 17.5, म्हणजे 0.42 युनिट, 4 रुपये 20 पैसे. आता एका टेराहॅशमागे दिवसाला सध्या किती मिळकत होते ते कोणत्याही मोठ्या पूलच्या (मिळून मायनिंग करून मिळकत वाटून घेणाऱ्यांचा गट) पानावर बघा. ती 7.30 च्या खाली असेल तर जुनी मशीन फुकटात मिळाली तरी घेऊ नका, रोज खिशातून भरावं लागेल. एप्रिल 2024 च्या हाल्व्हिंगला (मायनरांचं बक्षीस ठरलेल्या टप्प्यावर अर्धं होतं ते) ब्लॉकचं बक्षीस 6.25 वरून 3.125 बिटकॉइनवर आलं, तेव्हापासून जुन्या मशीनचं गणित आणखी अवघड झालं आहे. 4.20 च्याही खाली असेल तर एस21 चा विषयही सोडा.

आता 'काही होत नाही' बद्दल. एस19 मालिकेच्या पत्रकातली कार्यक्षमता 25 अंशांच्या हवेत मोजलेली आहे आणि चालवायची मर्यादा 40 अंश दिली आहे. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच 45 असते, टिनाच्या शेडमध्ये त्याहून जास्त. एस19 जे प्रो मध्ये तीन बोर्ड, एकेका बोर्डावर 126 चिपा. सिग्नल एका चिपमधून दुसरीत असा साखळीने जातो. मधली एक चिप गेली की सहसा अख्खा बोर्ड बसतो आणि 100 चे 66 होतात. मशीन मात्र चालूच दिसते, पंखे ओरडत राहतात, आणि मालकाला आठ-आठ दिवस पत्ता लागत नाही. म्हणून कोणत्याही मॉडेलच्या टिकाऊपणाबद्दल मी कुणाच्या तोंडी शब्दावर जात नाही. पूलवरचा सलग महिन्याचा हॅशरेटचा (टेराहॅशमधल्या वेगाचा) आलेख मागा. तिन्ही बोर्डांवर 126 चिपा दिसतात का आणि एखादा बोर्ड बाकी दोघांपेक्षा जास्त तापतो का, हे कर्नल लॉगमध्ये (मशीन स्वतः ठेवते त्या नोंदींमध्ये) तपासा. विकणारा लॉग दाखवत नसेल तर तिथूनच परत फिरा.

कूलर मात्र नका लावू, हे हात जोडून सांगतो. मे मध्ये हवा कोरडी, तेव्हा तो मस्त काम करते. पण पॅडवरून बारीक तुषार उडतात आणि बोअरच्या पाण्यातला क्षार त्यांच्यासोबत आत जातो. वाडीहून एक बोर्ड आला होता. ब्लोअरने धूळ सगळी उडाली, पण कनेक्टरच्या पिनांभोवती पांढरा खरखरीत थर तसाच. आयपीए (सफाईचं अल्कोहोल) आणि ब्रशने घासून काढला तर खाली तांबं हिरवं पडलेलं. जुलैत दमट हवेत कूलर तसाही गार करत नाही, उलट तो ओलावा धुळीत धरून राहतो आणि पिनांमध्ये गळती सुरू होते.

सीए_धरमपेठ
बोर्डवाल्या भाऊंच्या हिशेबात कर जोडून घ्या. 1 एप्रिल 2022 पासून आभासी मालमत्तेच्या (बिटकॉइन त्यातच येते) नफ्यावर 30 टक्के कर आहे, वर सेस. मशीन, शेड असा मायनिंगचा पायाभूत खर्च खरेदी-किमतीत धरता येणार नाही, हे सरकारने त्याच वर्षी संसदेत सांगितलं आहे. एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातून वजा होत नाही. आणि कनेक्शन काकांच्या नावावर, फॅब्रिकेशनसाठी घेतलेलं. मायनिंग त्याच दरात बसते का, ते महावितरणकडून लेखी घ्या. मंजूर कारणाशिवाय वापर सापडला तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते.

अभि_मनीषनगर
पूलचा आकडा पाहिला, जुनी बाद झाली. एस21 कशीबशी वर राहते. कूलर नाही तर मग थंड कसं ठेवू?

बोर्डवाला_खामला
3500 वॅट म्हणजे जवळपास दोन मोठे रूम हीटर चोवीस तास चालू. त्यांची गरम हवा शेडमध्येच फिरली तर काहीही लावा, उपयोग नाही. मशीन भिंतीशी ठेवा, मागून निघणारी हवा डक्टने थेट बाहेर काढा आणि आत येणारी हवा उत्तरेच्या सावलीतून, जाळीचा फिल्टर लावून घ्या. वेल्डिंग-ग्राइंडिंगच्या बाजूने हवा अजिबात घेऊ नका, लोखंडाचा कीस बोर्डावर बसला की शॉर्टच. एप्रिल-मे मध्ये दुपारी 12 ते 6 मशीन बंद ठेवा किंवा लो पॉवर मोडवर टाका. फ्रिक्वेन्सी उतरली की टेराहॅशमागची वीजही कमी लागते आणि चिपाही वाचतात. घेण्याआधी एका भर दुपारी शेडमध्ये थर्मामीटर टांगून बघा, आणि त्याच वेळी मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा. 230 ला ही मशीन 15 अँपिअर खेचते, 220 ला जवळपास 16. 16 अँपिअरच्या साध्या सॉकेटवर चालवू नका. 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी लाइन, स्वतंत्र एमसीबी आणि औद्योगिक प्लग. व्होल्टेज 220 च्या खाली जात असेल तर आधी स्टॅबिलायझरचा खर्च धरा आणि मग पुन्हा हिशेब करा. आकडे इथे टाका, मी बघतो.