पॉकेटला चॅम्फर: डी मध्ये अख्खी रेडियस टाकू नका

दादा, तुम्हाला सीएनसीवर पॉकेटच्या (जॉबमध्ये कापलेल्या खाचेच्या) वरच्या कडेला चॅम्फर, म्हणजे तिरकी कड, मारायचीय. पॉकेट ८ मिमी रुंद, कोपऱ्याची रेडियस २, टूल १० मिमीचं ९० अंश टोकाचं, आणि जी ४१ ला (टूलचा मार्ग रेडियसएवढा बाजूला सरकवणारी कमांड) इंटरफिअरन्सचा, म्हणजे टूल तिथे मावत नसल्याचा, अलार्म येतो असं तुम्ही लिहिलंय. टूल छोटं घ्यायची गरज नाहीये, डी मध्ये (जी ४१ साठी द्यायची टूलची रेडियस) तुम्ही अख्खी ५ टाकलीय म्हणून येतोय तो. पॉकेटात नुसतं टोकच उतरतं ना, मग चॅम्फरच्या खालच्या कडेला टूलची जी रेडियस आहे तीच द्यायची.

०.३ चा चॅम्फर पाहिजे असेल तर मी टोक चॅम्फरच्या खाली अजून १ मिमी नेतो, म्हणजे झेड (वरच्या फेसपासूनची खोली) मायनस १.३ आणि डी १.०, कारण ९० अंशाच्या टूलची रेडियस टोकापासून जेवढं वर तेवढीच असते, आणि टोकाला ०.२ व्यासाचा फ्लॅट (सपाट भाग) असेल तर डी १.१ धरा. अगदी टोकाने कापू नका, तिथे स्पीड शून्य असतो, मटेरियल कापलं जात नाही घासलं जातं आणि बर (कडेला राहणारी धातूची धारदार कुसळं) येतो. फक्त पॉकेट दीड मिमीपेक्षा खोल आहे ना ते बघा, नाहीतर टोक तळाला लागेल.

आमच्या अंबडच्या शॉपमध्ये गेल्या महिन्यात एका ॲल्युमिनियमच्या प्लेटवर एका बाजूला चॅम्फर ०.३ आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम ०.२ येत होता, अर्धा दिवस प्रोग्राम बघत बसलो, शेवटी डायल गेज फिरवला तर प्लेटच ०.१ ने तिरकी बसलेली, पॅरलल (प्लेटखालची आधाराची पट्टी) खाली चिप अडकली होती. ४५ अंशात झेडची चूक जशीच्या तशी चॅम्फरमध्ये उतरते, त्यामुळे आधी फेसिंग करा (वरचा फेस सपाट कापा) आणि झेडचा शून्य त्याच फेसवर घ्या.

आणि चॅम्फर झाल्यावर भिंतीला फिनिशिंग एंडमिलचा एक स्प्रिंग पास (त्याच मापावर पुन्हा एक फेरी) नक्की मारा, आत ढकललेला बर त्यानेच जातो.