जातकुळी, बाज की नुसता ‘प्रकार’?

टिळकवाडीची वाचक :
आमच्या वाचनालयातील व्याख्यानाच्या पत्रकात मी ‘लोकप्रिय संगीताच्या सगळ्या जातकुळी मोकळ्या कानांनी ऐकाव्यात’ असे लिहिले होते. एका ज्येष्ठ सभासदांनी ‘जातकुळी’वर लाल शाईने काट मारून वर ‘प्रकार’ लिहिले आणि समासात शेरा दिला की, जात विचारायची आणि कान मोकळे ठेवा म्हणायचे, हे एका वाक्यात बसत नाही. मला ‘प्रकार’ मिळमिळीत वाटतो. चोरी झाली तरी पोलिसांना ‘घडला प्रकार’च सांगतात. पत्रक उद्या खडे बाजारातल्या छापखान्यात द्यायचे आहे. लावणी, गझल, कव्वाली, रॅप या सर्वांना पेलणारा शब्द कोणता?

शहापूरचा श्रोता :
सभासदांचा आक्षेप मला पटत नाही. संगीतातली जाती ही समाजातली जात नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्रात ‘जाती’ आहेत, आणि आजही रागात पाच स्वर असले तर त्याची जाती औडव, सहा असले तर षाडव आणि सात असले तर संपूर्ण. औडव आहे म्हणून भूपाला यमनाच्या खालच्या पंगतीत कोणी बसवल्याचे मी ऐकलेले नाही.

खानापूरकर :
जाती निराळी आणि जातकुळी निराळी. कुळी म्हटली की सोयरिकीची बैठक डोळ्यांपुढे येते. माझे मत ‘बाज’ला, तबल्यात पूरब बाज म्हणतातच. (माझी आजी बाजेवर बसून सांगली आणि धारवाड आकाशवाणी आलटून पालटून ऐकत असे आणि कन्नड भावगीतातला एक शब्द कळत नसतानाही मान डोलवी, त्यामुळे हा शब्द वाचला की मला आधी सुंभच आठवते.)

शहापूरचा श्रोता :
बाज म्हणजे ढब. एकच गाणे दोन बाजांनी गाता येते, मग त्याचे वर्गीकरण कसे करणार? शिवाय कन्नडमध्ये कवीने लिहिलेली, कोणी न गायलेली कवितासुद्धा ‘भावगीते’च असते, आपले भावगीत मात्र गायल्यावाचून पुरे होत नाही. शब्द तोच, कप्पा वेगळा.

निपाणीकर :
शब्द विद्वान ठरवत नाहीत. आमच्या मिरवणुकीत भिंतीएवढ्या कर्ण्यांना ‘डॉल्बी’ म्हणतात आणि त्यावरून ‘डॉल्बीची गाणी’ असा स्वतंत्र वर्गही तयार झाला. रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये काम सुरू केले ते टेपवरची खरखर कमी करण्यासाठी, हे मिरवणुकीत कोणाला सांगावे! नाक मुरडणारे त्याच गाण्यांना ‘उडत्या चालीची’ म्हणतात आणि घरी सून नाचली की टाळ्या वाजवतात.

खानापूरकर :
मग ‘चाल’च का नको? आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये रंगभूमीवर आणलेल्या ‘शाकुंतला’त साकी, दिंडी, लावणी आणि कर्नाटकी वळणाची पदे शेजारी शेजारी बसवली, आणि पदाच्या माथ्यावर ‘चाल’ लिहिली की नटाचे काम भागत असे.

शहापूरचा श्रोता :
साकी आणि दिंडी या चाली नव्हेत, ती मात्रावृत्ते आहेत. आणि मात्रावृत्तांना छंदःशास्त्रात काय म्हणतात, ते आपणच पाहावे : जाती.

टिळकवाडीची वाचक :
छापखाना दहाला उघडतो.