अनुभव धागा: मण्यांचे दागिने, ओवण्यापासून विकण्यापर्यंत

मोत्यांचे सर, काळी पोत, नथी, ब्रेसलेट असं काही घरी करत असाल, त्यातलं थोडंफार विकत असाल, तर इथे लिहा. फोटो आणि कौतुक दुसरीकडे. कशात ओवता, काय तुटतं, का तुटतं, भाव कसा काढता, ते हवंय.

*

आधी दोरा, मग मणी. तंगूस स्वस्त, पण त्याची गाठ सरकते, माळ ताठ राहते आणि काही महिन्यांत तो पिवळा पडून ठिसूळ होतो. लहान मुलांच्या खेळातल्या माळांना ठीक. विकायच्या गळ्यातल्याला नायलॉनचं आवरण असलेली स्टीलची वायर घ्या, 0.38 मिमी जाडीची. तिच्यात 7, 19 किंवा 49 बारीक तारा असतात. तारा जितक्या जास्त तितकी वायर लवचीक. 7 ची वायर एकदा मुरडली की तो बाक जात नाही.

टोकाला गाठ नको, 2 मिमीचा क्रिंप मणी, म्हणजे पकडीने दाबून मिटवायचा धातूचा बारीक मणी. वायर क्रिंपमधून, मग हुकाच्या कडीतून, आणि परत त्याच क्रिंपमधून. आत वायरचे दोन्ही पदर शेजारी हवेत, एकमेकांवर चढलेले नकोत. क्रिंपच्या पकडीला दोन खाचा असतात: मुठीकडच्या खाचेत आधी दाबायचं, मग क्रिंप पाव फेरा फिरवून टोकाकडच्या गोल खाचेत मिटवायचा. साध्या पकडीने चपटा केलेला क्रिंप धारदार होतो आणि वायर कापतो. उरलेलं टोक 2-3 सेंमी मण्यांतून मागे ओवून मगच छाटा.

आणि वायर खेचून टाइट करू नका. मिलिमीटर-दोन मिलिमीटर मोकळी ठेवा. ताणलेली माळ मानेवर गोल बसत नाही, शिवाय मण्यांच्या कडा वायरवर सतत घासत राहतात.

*

वरच्याला जोड, इलॅस्टिकची. 8 मिमी मण्यांच्या ब्रेसलेटला 0.8 मिमी इलॅस्टिक घ्या, मनगटाच्या मापात दीड-दोन सेंमी मिळवा. 18 सेंमीला 22-23 मणी बसतात. ओवायच्या आधी इलॅस्टिक चार-पाच वेळा ताणून घ्या, नाहीतर आठवड्यात सैल होऊन मण्यांमधून दोरा दिसू लागतो. गाठीवर झटपट चिकटणारा गोंद लावू नका. तो वाळून कडक होतो आणि इलॅस्टिक नेमकं त्याच्या कडेलाच तुटतं.

*

खऱ्या मोत्यांना वायर नको, रेशीम. प्रत्येक दोन मोत्यांमध्ये गाठ. मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि सर तुटलाच तर एखादाच मोती पडतो. पटवेकऱ्यांकडून, म्हणजे दागिने गाठवणाऱ्या कारागिरांकडून, गाठवून घ्यायची पद्धत होती ती काही उगाच नाही.

रेशीम दुहेरी, दुहेरी केल्यावरची लांबी तयार सराच्या किमान अडीचपट. त्याला वजन बांधून रात्रभर टांगून ठेवा; रेशीम ताणतं, आणि हे आधी केलं नाही तर महिन्याभरात मोत्यांमध्ये फटी पडतात. गाठीचा फास सैल ठेवून त्यात सुई घालायची, सुईने फास मोत्याला टेकवायचा, मग सुई काढून घट्ट करायचं. गाठ भोकात बुडत असेल तर दोरा बारीक आहे. हिशेब: 6 मिमी मोती आणि साधारण 0.6 मिमीची गाठ धरली तर 45 सेंमी सराला, हुकाची जागा सोडून, 66 च्या आसपास मोती. हुकाची कडी अडकते त्या जागी दोऱ्यावर जिंप, म्हणजे स्प्रिंगसारखी पोकळ तार, चढवा. सर्वांत जास्त झीज तिथेच होते.

*

नथीबद्दल कोणीच लिहिलं नाही! कण्याला 22 गेज तार (0.64 मिमी), मोती बांधायला 28 गेज (0.32). मोत्याचं भोक बारीक असतं. 28 ची तार त्यातून दोनदा जात नसेल तर 30 घ्या, जोर लावू नका, मोती तडकतो. कणा एकदाच, गोल तोंडाच्या पकडीने वाकवा. तीच जागा पुन्हापुन्हा सरळ-वाकडी केली की तार कडक होऊन मोडते. दाबाच्या नथीची टोकं कानशीने गोल केल्याशिवाय कोणाला देऊ नका. मोती वाढवण्याचा मोह आवरा. जड झाली की दाबाची नथ घसरते.

*

खरेदी: पुण्यात बोहरी आळी, मुंबईत भुलेश्वर. बारीक मण्यांचे नंबर उलटे चालतात: 11 नंबर सुमारे 2 मिमी, 8 नंबर 3, 6 नंबर 4. 40 सेंमीच्या माळेत 6 मिमीचे साधारण 66 मणी, 8 चे 50. नकली मोत्याचं भोक भिंगातून बघा: तिथेच मुलामा सुटलेला असेल तर माळ तशीच परत ठेवा. रंगीत मणी ओल्या पांढऱ्या कापसावर घासा. घाम कॉटनच्या ब्लाउजला काय करेल ते कळतं.

*

भाव. मणी 110, हुक-वायर 30, डबी 20, म्हणजे 160 रुपये. दीड तास, ताशी 100 धरले तरी 150. फुटके-वाकडे मणी 16. झाले 326. "450 ला दे ना" म्हणणाऱ्या मैत्रिणीला द्या खुशाल, पण दुकानात 40 टक्के कमिशनवर ठेवलं की 450 चे हातात 270 येतात. 600 लावले तर 360. तेव्हा किंमत पहिल्या दिवसापासून दुकान धरूनच ठरवा. नंतर वाढवलेली गिऱ्हाईक लक्षात ठेवतं. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाकडे जाऊ नका.

*

कानातल्यांच्या तक्रारी मण्यांच्या नसतात, हुकाच्या असतात. स्वस्त हुकात निकेल असतं, कान खाजतो, चिघळतो. सर्जिकल स्टील किंवा 92.5 चांदीचे हुक वापरा आणि तसं कार्डावर लिहा. जंप रिंग, म्हणजे भाग जोडायची कापलेली कडी, उघडताना टोकं बाजूला ओढायची नाहीत, एक पुढे एक मागे फिरवायची. नाहीतर गोल बिघडतो, फट राहते, आणि लोंबतं रिक्षात पडतं. कोकणात पाठवायचं असेल तर प्रत्येक जोड वेगळ्या झिप पिशवीत, हवा दाबून काढून. दमट हवेत मुलामा लवकर काळवंडतो.